रुमालात गुंडाळलेली घंटा

वर्ना टिडवेलने घंटेच्या लोलकाभोवती रुमाल घट्ट गुंडाळला, वर गाठ मारली आणि घंटा मांडीवरच्या पर्समध्ये ठेवली. गाईच्या गळ्यातली जुनी पितळी घंटा होती ती. नात ब्रिनचे नाव पुकारले गेल्यावरच ती वाजायची होती, त्याआधी चुकूनही नाही. घरून निघताना ब्रिनने बजावले होते, "मीमॉ, एवढ्या गर्दीत तू कुठे बसलीयेस ते मला दिसणार नाही. घंटा ऐकली की मी वर बघेन. तेव्हा हात हलव."

"आधी त्या पोरीचं उरकू," वर्ना शेजारच्या ओलेटाला म्हणाली, "मग आपल्या पोरीचं."

टेक्सासमधली मे महिन्याची संध्याकाळ होती. शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर निळ्या झग्यांतली मुले आडनावांच्या अक्षरक्रमाने बसली होती, प्रेक्षक भोवतीच्या चढत्या बाकांवर. पदवीदानाच्या कार्यक्रमपत्रिकेत यंदा प्रथमच प्रार्थना नव्हती. सरकारी शाळेच्या समारंभात एका धर्माची प्रार्थना नको, अशी तक्रार कॅला टार्प्ली या विद्यार्थिनीने केली होती. वकिलांची पत्रे आली आणि शाळेने मान तुकवली. गावाने तुकवली नव्हती. कॅलाचे नाव पुकारताच साऱ्या प्रेक्षकांनी उठून, डोळे मिटून, मोठ्याने प्रभूची प्रार्थना म्हणायची, इतकी मोठ्याने की तिचे नाव तिच्या बापालाही ऐकू येऊ नये, असे चर्चच्या सभागृहात ठरले होते. कल्पना वर्नाची होती. डोळे मिटण्याचा आग्रहही तिचाच. उघड्या डोळ्यांनी म्हटली, तर ती नुसती आरडाओरड झाली असती.

"पण लँड्रम सर थांबतील ना?" ओलेटाने विचारले. उपमुख्याध्यापक लँड्रम मंचावरून नावे वाचत होते.

"दर रविवारी बायबलच्या वर्गाला माझ्या शेजारी बसतो तो. प्रार्थना चालू असताना तोंड उघडायची त्याची छाती आहे?"

कॅलाचा बाप ड्यूई त्यांच्याच पुढच्या बाकावर बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंची जागा लोकांनी रिकामी सोडली होती. वर्ना पुढे वाकली.

"ड्यूई, लेकीसाठी आज खास बंदोबस्त केलाय हो आम्ही."

"कानावर आलंय, मिस वर्ना." त्याने मागे वळून पाहिले नाही. "गाव लहान आहे. सगळंच कानावर येतं."

नावे पुढे सरकत होती. कोणाच्या नावाला भोंगा वाजे, कोणाच्या नावाला शिट्ट्या. मग लँड्रम सरांनी पान उलटले, घसा खाकरला, आणि "कॅला" एवढा शब्द ध्वनिवर्धकातून येताच सारे प्रेक्षक उभे राहिले.

चर्चमधल्या सरावात ही प्रार्थना चटकन संपली होती. इथे हजारो कंठांतून ती जड होऊन, एकमेकांची वाट पाहत निघाली. वर्नाला त्या संथपणाचे सुखच वाटले. 'जशी आम्ही इतरांना क्षमा करतो' ही ओळ आली तेव्हा तिने सर्वांत मोठा आवाज काढला आणि मिटल्या डोळ्यांनीच तो ड्यूईच्या मानेवर रोखला.

"आमेन."

तिने डोळे उघडले. मंचावर टॉलिव्हरांचा उंच मुलगा हस्तांदोलन करत होता आणि त्याच्या घरचे भोंगा वाजवत होते. मंचाच्या पायऱ्यांखाली, प्रमाणपत्र छातीशी धरून, ब्रिन उभी होती. दिव्यांच्या झोतामुळे डोळ्यांवर हात धरून ती प्रेक्षकांतला एकेक चेहरा न्याहाळत होती.

"ब्रिनचं नाव झालं?" वर्नाने विचारले.

"मला काय माहीत?" ओलेटा म्हणाली. "तूच म्हणालीस, डोळे उघडू नका."

आता ड्यूई वळला. "झालं. माझ्या कॅलाच्या पाठोपाठ. बालवाडीपासून दोघी एकीमागे एक उभ्या राहतात, मिस वर्ना. विसरलात?"

"लँड्रम थांबला नाही?"

"लोकांनी प्रार्थना सुरू केली तर थांबायचं नाही, मानही झुकवायची नाही, असं वकिलानं सगळ्या शिक्षकांना बजावलंय. नोकरीचा प्रश्न आहे त्यांच्या."

"तुला ठाऊक होतं?"

"म्हटलं ना, गाव लहान आहे."

"मग आधी सांगता आलं असतं तुला!"

"आलं असतं," ड्यूई म्हणाला.

वर्नाने पर्समधून घंटा ओढून काढली आणि डोक्यावर धरून हलवली. आतून फक्त कापड आपटल्याचा आवाज आला. तिने गाठीला नखे लावली. गाठ तिनेच मारली होती, सैल पडू नये अशी. ती सुटेपर्यंत खाली ब्रिनने डोळ्यांवरचा हात काढला होता. आता ती मान खाली घालून आपल्या खुर्चीकडे, कॅलाच्या शेजारी, निघाली होती.

वर्नाची घंटा तशीच हातात राहिली. प्रार्थनेच्या वेळी उभ्या राहिलेल्या त्या साऱ्या लोकांत एकच माणूस बसून होता, आणि त्याचेच डोळे उघडे होते.

"ड्यूई," ती म्हणाली. तिचा आवाज आता फार लहान झाला होता. "मंचावर असताना तिनं वर बघितलं का रे? हात केला का तिनं? एवढंच सांग."

ड्यूईने तिच्याकडे नीट पाहिले. मग तो समोर वळला, बोटांत बोटे गुंफली, मान झुकवली आणि डोळे मिटून घेतले.