पत्र्यावरचे दात

लहानपणी दात पडला की माय योगराजला तो घराच्या पत्र्यावर फेकायला लावायची, म्हणजे नवा येतो म्हणे. त्यामुळे तिशीत पहिला दात हातात आला, तेव्हाही त्याने सवयीने तो वर भिरकावला. पत्रा टण्णकन वाजला. दात मात्र घरंगळत खाली आला नाही.

केळीचा ट्रक दिल्लीला नेताना झोप येऊ नये म्हणून त्याने क्रिस्टल नावाच्या नशेचा पहिला खडा ओढला होता. मग खड्याशिवाय दिवस उजाडेना, आणि त्याच नशेने एकेक दात किडून गळायला लागला. ट्रक गेला, बायको गेली, शेवटी मायही पहूरला तिच्या भावाकडे निघून गेली. मेहरूणच्या घरात तो एकटाच दात फेकत राहिला.

हल्ली पत्र्यावर करकर ऐकू यायची, कुणी दातावर दात घासावा तशी. आपलाच जबडा असेल म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी गच्च धरून पाहिला. करकर थांबली नाही.

आज भर दुपारी त्याने शेवटचा दात फेकला आणि वर एकदम शांत झालं. तेवढ्यात मायचा फोन आला. त्याने स्पीकर लावला.

"जेवला का रे भाऊ?"

तो "नाही" म्हणायला गेला, पण हिरड्यांतून नुसती हवा आली.

"हो माय, जेवलो," पत्र्यावरून उत्तर आलं. आवाज त्याचाच होता, अक्षर न् अक्षर स्वच्छ.

माय रडायलाच लागली. "किती साफ बोलला रे! मंग इतके दिवस फोनवर ते बोबडं कोण बोलत होतं?"

"कोणी नाही, माय. घरात मी एकटाच आहे."