हे कोणाचं?

वावरात कापूस वेचता वेचता दीपाने सासूला सांगून टाकलं की तिला दिवस गेलेत. रुखमाबाई मटकन खाली बसल्या. त्यांचा मुलगा, दीपाचा नवरा संघदीप, अपघातात गेला त्याला दोन वर्षं झाली होती.

"मले नाही ठेवाचं, आई," दीपा म्हणाली.

रुखमाबाईंनी उठून सुनेच्या कमरेची कापसाची ओटी सोडली. "चाल, यवतमाळले जाऊ."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दीपाचं सगळं ऐकून घेतलं. गर्भपाताला कायद्याने तिची एकटीची सही पुरते, असं सांगून त्यांनी दोघींना बाहेर थांबायला सांगितलं. बाहेरच्या बाकड्यावर नेमक्या गावच्या पुढाऱ्याची बायको कोकिळाबाई बसल्या होत्या. दीपा पदर तोंडाशी धरून ओकारी दाबत होती, हातात सहीचा कागद होता; ते पाहून त्या काय ते समजल्या.

"या कायद्यानं बायकाईले मोकाट सोडलं, असं आमचे हे सभेत उगाच नाही म्हनत," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलल्या. "रुखमाबाई, तुमचा पोरगा तर कवाचा गेला. मंग हे कोनाचं व्हय?"

बाकड्यावरच्या बाया वळून बघायला लागल्या. दीपाची मान खाली गेली. रुखमाबाईंनी सुनेचा हात आपल्या हातात घेतला.

"हे तिचं हाय," त्या म्हणाल्या. "ना माह्या पोराचं, ना तुमच्या गावाचं."