दोन चमचे मीठ

सरांना या नव्या आवृत्तीतून बरंच काही मिळणार होतं. मुखपृष्ठावर ठळक नाव, मागच्या बाजूला हसरा फोटो, आणि ज्या शाळेने निवृत्तीच्या दिवशी हातात भिंतीवरचं घड्याळ देऊन त्यांना वाटेला लावलं, तिच्याच वाचनालयात समोरचं कपाट. बदल्यात द्यायचं काहीच नव्हतं. मुलांसाठीचं विज्ञानप्रयोगांचं पुस्तक जुनंच, मजकूरही जुनाच. फक्त चित्रं काढून त्या जागी फोटो घालायचे. इतक्या आवृत्त्यांत चित्रातलं अंडं मिठाच्या पाण्यावर तरंगायला कधी नाही म्हणालं नव्हतं. फोटोतल्या अंड्याला मात्र खरोखर तरंगावं लागतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

प्रकाशकाच्या मागच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे सरकवून टेबल मोकळं केलं होतं. प्रयोगाचं सामान लेखकाने आणायचं, अशी तिथली पद्धत. आणि लेखकाचं सामान म्हणजे त्याच्या मुलीची पिशवी. तिने एकेक वस्तू काढून मांडली. संपादिकेने पुस्तकात बघून कचेरीतल्या चहाच्या चमच्याने दोन चमचे मीठ पेल्यात घातलं, ढवळलं, अंडं अलगद सोडलं. ते थेट तळाशी गेलं आणि भरपेट जेवलेल्या पाहुण्यासारखं आडवं झालं.

"घाबरू नका," सर म्हणाले. "आमच्या या मुलीचंही असंच झालं होतं. सातवीत होती. पुस्तक छापायला देण्याआधी म्हटलं, बघू पोरांना जमतंय का. माझं हस्तलिखित दिलं हातात. हिने काय केलं, तर अंडं बुडवून दाखवलं! तेव्हाच ओळखलं मी, हिच्या हातात विज्ञान नाही. आता विमा कचेरीत आहे. मजेत आहे."

फोटोग्राफर हसला. संपादिकाही हसली. मुलगी पेले पुसत होती.

"तुमचा चमचा नाजूक आहे," सरांनी निदान केलं. "घरचा काढ गं."

मुलीने पिशवीतून चमचा काढला. दुसरा पेला, ताजं पाणी, काठोकाठ दोन चमचे मीठ. अंडं तळाशी.

"तेव्हाही हाच होता, बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि दोनच घातले होते."

फोटोग्राफर दिवा हलवत होता, संपादिका पान उलटत होती. ऐकलं फक्त सरांनी. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आणखी मीठ टाका की," फोटोग्राफर म्हणाला. "फोटोत मीठ कुठे दिसतंय?"

"पुस्तकात दोन लिहिलंय ना," संपादिका म्हणाली. "सर, राग मानू नका, पण लेखकाचा एक प्रयोग चुकला तर सगळे तपासायचे, असा आमच्याकडे नियम आहे. म्हणजे मग यंदा नाही. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षाची हमी सर हल्ली कुणालाच देत नसत. चष्मा पुसतानाही त्यांची बोटं थरथरत होती.

"छापखान्याची चूक!" ते एकदम म्हणाले. "मी सहा लिहिले होते. खिळे जुळवणाऱ्याने दोन केले. त्या माणसाचं लक्ष कधी कामात नसायचंच."

छापखाना केव्हाच बंद पडला होता आणि खिळे जुळवणाराही हयात नव्हता. नाही म्हणायला कुणी उरलेलं नसलं की चूक बिनबोभाट खपते.

"तसं असेल तर एवढी एकच ओळ बदलायची," संपादिका सुटल्यासारखी म्हणाली. मग तिची पेन्सिल थांबली. "पण सर, ताईंनी केला तो तर छापायच्या आधी ना? तुमच्या हस्तलिखितावरून?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पण बघितलं कुणाकडेच नाही. फोटोग्राफरही दिवा हलवायचा थांबला.

मुलीने चमचा रुमालाने पुसला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"मीच कमी घातलं असेल मीठ," ती म्हणाली. "माझं आणि विज्ञानाचं कुठे जमतं!"

सगळे हसले. सर सगळ्यांत मोठ्याने हसले, जरासे उशिरा.

संपादिकेने दोनावर काट मारून सहा लिहिलं. मुलगी चमच्यामागून चमचा घालत, ढवळत राहिली. सहाव्याला अंड्याने कूस बदलली आणि ते सावकाश वर आलं. त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर चकाकला. सरांनी पेला धरायला हात पुढे केला, पण पाणी हिंदकळून फोटो हलायला लागला.

"राहू द्या, सर. ताईंचा हात घेऊ."

तिने पेला धरला. नकळत केस मागे सारले, मान ताठ केली, ओठांवर थोडं हसू आणलं.

"ताई, यात चेहरा येत नाहीये," फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून म्हणाला. "हसला नाहीत तरी चालेल."

काम दुपारी आटपलं. सरांना मुखपृष्ठ मिळालं, संपादिकेला यंदाचं पुस्तक, फोटोग्राफरला दिवसाचे पैसे. चूक त्या बंद छापखान्याच्या नावावर पडली. राहता राहिलं अंडं, चमचा, मीठ आणि अर्ध्या दिवसाची बिनपगारी रजा. ते सगळं मुलीच्या घरचं होतं.