व्याकरणाची चूक

गुंजननं आपलं आत्मकथन छापायला देण्याआधी कन्हान गावी बाबांकडे पाठवलं. बाबा मराठीचे निवृत्त मास्तर. तिनं मुलगी म्हणून जगायला सुरुवात केली, तेव्हापासून सहा वर्षं ते तिच्याशी बोलले नव्हते. पंधरा दिवसांनी तेच हस्तलिखित घेऊन ते शहरात, जरीपटका वस्तीतल्या तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले. "बहुत चुका आहेत," एवढंच म्हणाले. गुंजननं धास्तावून पानं उलटली. बालपणाबद्दल तिनं मुलगा म्हणूनच लिहिलं होतं: मी शाळेत गेलो, नदीवर खेळलो, रडलो. बाबांनी लाल पेनानं प्रत्येक क्रियापद सुधारलं होतं. गेले. खेळले. रडले. "पण बाबा, तेव्हा मी..." "तेव्हा मले समजलं नाही," बाबा चष्मा पुसत म्हणाले, "म्हणून काय तू पोरगी नव्हती?" ती दारातून बाजूला झाली. बाबा चपला काढून आत आले. "चहा मांड वं. शेवटचं प्रकरण तूच वाचून दाखव."