तक्त्यात नसलेला आकडा

बिघडलेल्या कॉम्प्युटरचा पिवळा दिवा किती वेळा लुकलुकतो, त्यावरून शाहिस्ता दोष ओळखायची. तिच्या तक्त्यात सातपर्यंतच आकडे होते. उत्तमरावांच्या कॉम्प्युटरचा दिवा अकरा वेळा लुकलुकून थांबला.

"माझ्या नोंदी वाचतील ना, पोरी?" साखरा गावातल्या त्यांच्या विहिरीत पाणी किती हात खोल आहे, ते बावीस वर्षे रोज त्या कॉम्प्युटरात लिहिलेले होते. दुसरीकडे कुठेच नव्हते.

"बघते, काका. पण अकरा कधी पाहिले न्हाई."

"काल पाणीबी अकरा हातावरच होतं."

"मग विहीरच दुरुस्त करावी लागंल," ती हसली आणि तिने विजेची वायर काढली.

दिवा विझला नाही. आता तो दहा वेळा लुकलुकला.

उत्तमरावांनी बायकोला फोन करून विहिरीत दोर सोडायला लावला.

"दहा हात," गोजरबाई म्हणाल्या. "अवं, भर मे महिन्यात पाणी वर येऊन राहिलं. काहून?"

नऊ. सहा. तीन. फोन चालू ठेवून दोघेही दिव्याचे लुकलुकणे मोजत राहिले.

एक.

"काठावरून हात लागून राहिला पाण्याला," गोजरबाई हळूच म्हणाल्या.

दिव्याने लुकलुकणे थांबवले. तो तसाच, स्थिर पेटून राहिला.