तेजलची शिकवणी

वस्तीतल्या संध्याकाळच्या वर्गात चाचणीचे पेपर तपासता तपासता विदुलाताई चक्रावल्या. तेजलची वीसच्या वीस गणितं चुकली होती, आणि प्रत्येक उत्तर बरोब्बर एकाने जास्त होतं!

"मुद्दाम चुकवलंस ना गं?" ताईंनी दरडावलं.

"पास झालेल्यांना तुम्ही वर्गातून काढता," तेजल मुसमुसली. "मग मला घरी भावाला खेळवत बसावं लागेल."

ताईंचा राग कुठल्या कुठे पळाला. "रडू नकोस. उद्यापासून छोट्या गटाला तू शिकव. भावालाही घेऊन ये."

तेजलने महिनाभर घसा ताणून शिकवलं. पोरं पाढे घडाघडा म्हणू लागली. चाचणी झाल्यावर ताईंनी मोठ्या कौतुकाने छोट्या गटाचे पेपर तपासायला घेतले.

अकराच्या अकरा पोरांचं प्रत्येक उत्तर बरोब्बर एकाने जास्त होतं.