तीन मापं

स्टीलच्या पातेल्यात स्वच्छ पाणी घेऊन केतकीनं मशीनमधून नुकतंच निघालेलं दुपटं त्यात बुडवलं आणि पिळलं. पाण्यावर फेस आला.

"बघा," ती कंपनीच्या माणसाला म्हणाली. "पंप पाणी फिरवून पुन्हापुन्हा वरून सोडतो, साबणाचा कणही राहत नाही, असं सांगून मशीन विकलंत. इथे पोरीच्या पाठभर पुरळ उठलंय."

"मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "तेच मळकं पाणी परत कपड्यांच्या डोक्यावर! याला काय धुणं म्हणायचं?"

त्या माणसानं मशीन चालवून पाहिलं. धार चांगली जोरात पडत होती. मग त्याची नजर शेजारच्या डब्याकडे गेली. "ताई, पावडर किती टाकता?"

"तीन मापं. बाळाचे कपडे आहेत ना."

"एवढ्याशा कपड्यांना अर्धं माप पुरे. नाहीतर पंपानं कितीही फिरवलं, तरी साबणाचंच पाणी फिरणार."

केतकीनं पातेल्यातलं फेसाळ पाणी मोरीत ओतलं.

आठवड्याभरात पुरळ सुकलं. रविवारी नवऱ्यानं लेकीचं झबलं वर करून पाठ पाहिली. "अरे वा! म्हणजे मशीनचा बिघाड सापडला तर. काय झालं होतं?"

केतकीनं लेकीचं झबलं नीट खाली ओढलं.

"पाण्याचा दोष होता," दुपट्यांच्या घड्या घालत सासूबाई म्हणाल्या. "आता ठीक आहे."